बडोद्यात बसून इग्नू: फी हलकी, तारखा जड

बारावीनंतर पैशाची ओढाताण असेल तर बडोद्याच्या मराठी घरांत तीन नावं निघतात: एम.एस. (इथलं महाराजा सयाजीराव विद्यापीठ), नाशिकचं मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे दूरस्थ शिक्षण देणारं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. मधलं आधीच बाजूला ठेवा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं महाराष्ट्राच्या हद्दीतच आहेत. दांडिया बाजारात राहून परीक्षेला दरवेळी नंदुरबार-नाशिक गाठायचं म्हटलं, तर वाचलेली फी रेल्वेला जाते. मराठी माध्यमाची ओढ कितीही असो.

एम.एस.ची अनुदानित जागा मिळत असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. गुजरातच्या विद्यापीठ-प्रवेशाच्या जीकॅस पोर्टलवर 300 रुपये भरून नोंदणी करा आणि तीच घ्या. बारावीला 80 पर्सेंटाइल आणि घरचं उत्पन्न सहा लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेतून बी.ए., बी.कॉम.सारख्या कोर्सला निम्मी ट्यूशन फी किंवा 10,000, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. इग्नू कामाचं ते दुकानात, ऑफिसात नोकरी करणाऱ्यांना, किंवा ज्यांच्या वाट्याला फक्त हायर पेमेंटची, म्हणजे जास्त फीची जागा उरली त्यांना.

पदवीच्या किमतीबद्दल शंका नको. दूरस्थ पदवी रेग्युलरच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 साली पुन्हा स्पष्ट केलं. विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची ए++ श्रेणीही इग्नूला 2021 साली मिळाली. मात्र इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ, नर्सिंग दूरस्थ पद्धतीने चालतच नाही. कुणी तसं विकत असेल तर उठून यावं.

आता खर्च. बी.ए., बी.कॉम.ची फी वर्षाला काही हजारांत असते, पण प्रवेशाच्या पानावर दिसणारा आकडा पुरा नसतो. परीक्षा फी वेगळी, लेखी पेपरला 200 रुपये. वर्षात आठ पेपर असतील तर 1600. गैरहजर राहिलात किंवा नापास झालात, की त्या पेपरचे पुन्हा तेवढेच. छापील पुस्तकं नकोत असं फॉर्ममध्ये निवडलं तर प्रोग्राम फीत 15 टक्के सूट आहे. ही सूट फसवी ठरू शकते: फी 4000 धरली तर वाचतात 600, आणि मग हजार पानांची पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडे रुपया पानाने काढली की गेले 1000. मोबाइलवर खरोखर वाचणाऱ्यानेच ती घ्यावी. तसंही इग्नूच्या ई-ज्ञानकोश या साइटवर बहुतेक साहित्य फुकट आहे. प्रवेशाआधी दोन-चार धडे तिथे वाचून बघा, हिंदी झेपतं की इंग्रजी ते कळेल. घरी मराठी आणि शाळेत गुजराती असलेल्याला हिंदी वाचायला सोपं जातं, तीन तास लिहायला तितकं नाही.

फॉर्म भरताना आधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा ठेवणारं खातं) आणि डेब आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नंबर) काढावा लागतो. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं आणि आधारवर बहुधा शेवटी. दोन्हीकडची नावं जुळत नसतील तर आधार आधी दुरुस्त करून घ्या, नंतर पदवीवरचं नाव बदलणं डोक्याला ताप. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना बऱ्याच कोर्सेसना फी माफ आहे, पण एका सत्रात एकाच कोर्ससाठी. लोभाने दोन फॉर्म भरू नयेत.

खरी गळती होते ती दोन ठिकाणी.

पहिलं, असाइनमेंट. गुणांपैकी 30 टक्के तिचे, 70 टक्के परीक्षेचे, आणि पदवीला दोन्हींत स्वतंत्रपणे 35 टक्के लागतात. पेपरात 60 काढले तरी असाइनमेंट नसेल तर तो विषय पूर्ण होत नाही. आपल्या सत्राचाच प्रश्नसंच उतरवून घ्यायचा, जुना चालत नाही. हातानेच लिहायचं. जूनच्या परीक्षेसाठी साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि डिसेंबरसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्यायची. बाजारात तयार उत्तरं मिळतात. दहा जणांची तीच वाक्यं तपासणाऱ्याला कळतात. जमा केल्याची पावती आणि पानांचे फोटो जपा, कारण गुण ग्रेड कार्डावर चढले नाहीत तर दाखवायला तेवढंच हातात असतं.

दुसरं, पुनर्नोंदणी. जुलैत प्रवेश घेतलेल्याची पहिली परीक्षा पुढच्या जूनमध्ये, आणि दुसऱ्या वर्षाची नोंदणी निकाल लागण्याआधीच उघडते. पास होण्याची अट नाही, फक्त पैसे भरायचे. पण आपल्याला कॉलेजची सवय: निकाल लागू दे, मग बघू. तोवर खिडकी बंद होते आणि किमान सहा महिने जातात. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, हा दिलासा. तीच मुदत आळसही शिकवते.

परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवसावर टाकू नका, जवळचं केंद्र आधी भरतं. बडोदा अहमदाबादच्या क्षेत्रीय केंद्राखाली येतं आणि ते आहे छारोडीला, एस.जी. हायवेवर. जाऊन-येऊन दिवस मोडतो, म्हणून काही अडलं तर आधी इग्नूच्या तक्रारींच्या आयग्राम पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या.

माझ्याकडून इग्नूला गुण: नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्यासाठी पाचपैकी चार. रोज कुणीतरी वर्गात बसवावं लागतं अशा मुलासाठी दोन.