कापडाखालून पत्रा कसा निघाला? आयएल-टू १९४६ मध्ये सात महिने विमानं रंगवल्यावर

मार्चच्या शेवटी सुरू केलं, आता ऑक्टोबर संपत आला. या सात महिन्यांत 'आयएल-टू स्टर्मोविक: १९४६' या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या गेममध्ये मी विमान उडवलं असेल साठ-सत्तर तास, आणि विमानं रंगवण्यात घातले असतील त्याच्या तिप्पट. त्यामुळे हा अनुभव गेमचा कमी, रंगकामाचा जास्त. 'ग्राफिक्स कसे आहेत' एवढंच ज्यांना विचारायचंय त्यांना आत्ताच सांगतो: मूळ गेम २००१ चा, ही आवृत्ती २००६ ची, आणि दिसतोही तसाच. इथूनच परत फिरलात तरी राग नाही.

मी हा जुना गेम का घेतला? कारण नागपूरचा उन्हाळा. नवीन सिम्युलेटर लावला की माझं ग्राफिक्स कार्ड पिठाच्या गिरणीसारखं ओरडतं, आणि मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ अंश असताना खोलीत आणखी एक शेगडी पेटवायची हिंमत नव्हती. हा गेम दहा वर्षं जुन्या मशीनवरही हसत चालतो. कूलर मात्र कॉम्प्युटरच्या तोंडावर सोडू नका. खसच्या ताट्यांची ती ओली हवा माणसाला बरी, मदरबोर्डला नाही. एवढं बोलून हार्डवेअरचा विषय संपवतो.

आता मॉड्स, म्हणजे हौशी लोकांनी गेममध्ये घातलेली भर. मूळ गेममध्ये शेकड्यांनी विमानं आहेत, पण भारतीय वायुदलाच्या दृष्टीने पाहिलं की फटी दिसतात. हरिकेन आणि स्पिटफायर आठ ही ब्रिटिश लढाऊ विमानं आहेत, बर्माचा नकाशाही आहे, म्हणजे १९४४ च्या इम्फाळच्या लढाईपुरतं काम भागतं. टेम्पेस्ट हे लढाऊ विमानही आहे, पण मार्क पाच, म्हणजे पाचवी आवृत्ती. आणि भारताकडे होतं मार्क दोन. हा फरक किरकोळ नाही. पाचला नेपियर सेबर इंजिन, म्हणून नाकाखाली रेडिएटरची ती मोठी हनुवटी. दोनला ब्रिस्टल सेंटॉरस, गोल रेडियल इंजिन, हनुवटी गायब. हनुवटीवाल्या मार्क पाचवर अशोकचक्र रंगवून 'काश्मीर १९४८' म्हणणारी बरीच चित्रं मी पाहिली आहेत. सुरुवातीला मीही तेच केलं होतं, आता लाज वाटते. मार्क दोन हवं असेल तर मॉडशिवाय इलाज नाही.

मॉड टाकणं हे स्वतंत्र दुखणं आहे. गेमच्या फायली एसएफएस नावाच्या गठ्ठ्यांत बांधलेल्या असतात, मॉड त्याच्या बाहेर फोल्डरमध्ये राहतात, आणि गेम सुरू होताना बाहेरची फाइल आतलीच्या जागी उचलली जाते. दोन मॉड एकाच फाइलवर हक्क सांगू लागले की लोडिंगची पट्टी ७० टक्क्यांवर येते आणि खिडकी गपकन बंद. कसलाही संदेश नाही. पहिले पंधरा दिवस माझे यातच गेले. जेएसजीएमई (मॉड चालू-बंद करायचं छोटं सॉफ्टवेअर) वापरा, एका वेळी एकच मॉड चालू करा, गेम उघडून पाहा, मगच पुढचा. आणि मूळ फोल्डरची एक अस्पर्श प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. मी ठेवली नव्हती. एका मोठ्या मॉडपॅकने (नाव घेत नाही, फुकट काम करणाऱ्या माणसांना शिव्या घालणं बरं नव्हे) अर्धवट उतरून सगळा गेम खाल्ला, त्यात माझे दोन पूर्ण झालेले रंग गेले. गेम बंद पडला की लॉग फाइल उघडायची सवय लावा. शेवटच्या चार ओळींत बहुतेक वेळा गुन्हेगाराचं नाव सापडतं. आणखी एक, तुमच्या अँटिव्हायरसला या मॉडांची सुरू करणारी फाइल विषाणू वाटू शकते. माझ्याने ती रात्रीत परस्पर उडवली आणि मी सकाळी पोहे थंड होईपर्यंत गेमला दोष देत बसलो.

माझं मत असं की मॉडपैकी निम्म्यांची गरज नसते. आवाजाचा एक, टेम्पेस्टचा एक, डाकोटा हे मालवाहू विमान स्वतः उडवता यावं म्हणून एक, बस.

आता रंग. या गेमात विमानाची अख्खी कातडी एका चौकोनी चित्रात सपाट पसरलेली असते: १०२४ गुणिले १०२४ पिक्सेल, बीएमपी, आणि फक्त २५६ रंग. हो, २५६. साडी नेसवण्यापेक्षा साडीचा ब्लाउज बेतण्यासारखं हे काम आहे. सपाट कापडावर जिथे रेघ मारली ती अंगावर कुठे जाऊन बसेल याचा अंदाज हळूहळू येतो. मी जिम्प हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे. थर वेगळे ठेवायचे: खाली मूळ रंग, वर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा, त्यावर खुणा, सगळ्यांत वर मळ. शेवटी सगळे थर एक करून इंडेक्स्ड मोडमध्ये २५६ रंगांवर आणायचं आणि बीएमपी करताना 'रंगव्यवस्थेची माहिती लिहू नका' त्या पर्यायावर खूण करायची. ती खूण विसरलात तर गेमला फाइल वाचता येत नाही. फाइल बरोबर झाली की तिचा आकार दरवेळी एकच येतो, १०२६ केबी. वेगळा आकडा दिसला की गेम उघडायच्याही आधी समजायचं, काहीतरी चुकलं. हे कोणी सुरुवातीला सांगितलं असतं तर माझा एक रविवार वाचला असता. आणि थरांची मूळ फाइल वेगळी जपा, बाबांनो. रंग २५६ वर आणल्यावर 'सेव्ह' दाबून मी टेम्पेस्टची एक मूळ फाइल कायमची मारली आहे.

२५६ रंगांनी मला सगळ्यांत जास्त छळलं ते भगव्यासाठी. १९४७ ते १९५० दरम्यान वायुदलाच्या विमानांवर अशोकचक्राची खूण होती, १९५० पासून आजचं वर्तुळ आलं: बाहेर भगवा, मग पांढरा, मध्ये हिरवा. मी टेम्पेस्टवर हे वर्तुळ सुरेख काढलं, रंग २५६ वर आणले, गेम उघडला, तर भगव्याच्या जागी वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा तपकिरी. तेही नागपुरात! कारण साधं आहे. सॉफ्टवेअर चित्रात जे रंग जास्त आहेत त्यांना जागा देतं. विमान सगळं हिरवं, राखाडी, मातकट. त्यावर मी मळ आणि ओरखड्यांच्या शेकडो छटा फासलेल्या. त्या सगळ्यांनी मिळून २५६ खुर्च्या आधीच अडवल्या, आणि एवढ्याशा वर्तुळातला भगवा उभाच राहिला. उपाय दोन. मळाच्या छटा कमी करा, किंवा आपला रंगपट स्वतः बनवून त्यात भगव्याच्या तीन-चार छटा आधीच बसवा. मी दोन्ही केलं. मळ कमी केल्यावर विमान उलट जास्त खरं दिसायला लागलं, आणि तिथूनच माझं हे रंगकाम वेगळ्या वळणावर गेलं.

आमच्या दाभ्याच्या गल्लीत एक काका राहतात. वायुदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. वायुसेनानगर जवळच असल्याने या भागात असे बरेच जण आहेत. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयच नागपुरात आहे. जूनमध्ये एकदा ते चहाला आले तेव्हा मी मोठ्या अभिमानाने त्यांना माझं हरिकेन दाखवलं. इम्फाळ, १९४४, पहिली स्क्वॉड्रन, जिचे तेव्हाचे प्रमुख अर्जन सिंग होते. गडद हिरवा आणि मातकट रंग, निळ्या-फिकट निळ्या खुणा. (खुणांमधला लाल ठिपका त्या आघाडीवर काढून टाकला होता, जपानी विमानाचा लाल गोळा समजून आपल्याच माणसाने गोळी घालू नये म्हणून.) आणि सगळ्या अंगावर मी रंगाचे टवके उडवून खालचा चांदीसारखा पत्रा दाखवला होता. असा मळका, लढाई पाहिलेला दिसला पाहिजे ना!

काकांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले. "हे मागे लांब लांब रेषा कायच्या रे?"

म्हटलं, आतल्या पट्ट्यांच्या उठावदार रेषा.

"मंग हे तर कापड आहे. अबे, कापडाखालून पत्रा कसा निघाला?"

मी गप्प. हरिकेनचा मागचा अर्धा भाग खरोखरच पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर लाकडी पट्ट्या बसवून त्यावर ताणलेलं, डोप (कापड ताठ करणारा लेप) लावलेलं कापड असतो. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं आणि तरीही तिथे पत्रा रंगवलेला. काका हरिकेनवर कधी काम केलेले नव्हेत, वयाने शक्यच नाही. पण कापड ओळखायला त्यांना वाचावं लागलं नाही.

मग पुढचा तासभर त्यांनी माझ्या विमानाची उजळणी घेतली. "इतकं घाण विमान लायनीवर उभं केलं असतं तर आमची सुट्टी रद्द झाली असती. रोज पुसून राहिलो आम्ही." मळ कुठे बसतो? जिथे फडकं पोचत नाही तिथे. पोटाखाली तेलाचा ओघळ, तो सरळ नाही, हवेने मागे ओढलेला. एक्झॉस्टमागे, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या नळ्यांमागे, काळी-राखाडी जीभ. हरिकेन दोन-सीमध्ये २० मिलिमीटरच्या चार तोफा पंखांत, म्हणजे त्यांच्या मागे काजळी. आणि पाय पडतात तिथे झिजलेला रंग: पायलट डावीकडून चढतो, म्हणून डाव्या पंखाचं मूळ घासलेलं, उजव्याचं त्यामानाने कोरं. माझ्या रंगात दोन्ही सारखेच झिजवले होते, कारण मी एका बाजूचा थर उलटा करून दुसरीकडे चिकटवला होता. आळस, दुसरं काय.

त्या दिवसानंतर मी रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) काढणं बंद केलं. हिशेब करून पाहिला: हरिकेन सुमारे ९.८ मीटर लांब, आणि सपाट चित्रात त्याची बाजू साधारण ९०० पिक्सेलमध्ये मावते. म्हणजे एक पिक्सेल जवळपास एक सेंटिमीटर. रिव्हेटचं डोकं त्याहून लहान. तो दिसेल इतका ठळक काढला तर विमानाला देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं. ब्रिटिश अनुक्रमांकाची अक्षरं आठ इंच उंच, म्हणजे अठरा-वीस पिक्सेल. ती नीट वाचता येतात, तिथे मेहनत घ्या. आणि ज्या विमानाचा फोटो हाती नाही त्याचा अनुक्रमांक मनाने लिहू नका, जागा रिकामी सोडा.

फोटोंबद्दलही जपून. त्या काळचे बहुतेक कृष्णधवल. त्यातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल-पिवळा काळपट उमटतो आणि निळा फिकट. फोटोत गडद दिसणारी कड काळी समजून मी एकदा रंगवली, ती पिवळी असणार होती. उन्हाने विटलेला रंग कसा दिसतो हे मात्र फोटोपेक्षा मला गच्चीवर जास्त कळलं. आमच्या कूलरचा पत्रा आठ उन्हाळे बाहेर उभा आहे. दक्षिणेची बाजू विटून पावडर सुटलेली, बोट फिरवलं की पांढरं होतं. भिंतीकडची बाजू अजून हिरवीगार. विमानाचंही तसंच: पंखांची वरची बाजू आणि पाठ आधी विटते, पोट नाही. आता मी मूळ रंगात वरच्या भागाला दहा-बारा टक्के पांढरा मिसळतो, डाग एकही न काढता. अर्धं म्हातारपण त्यातच येतं.

गेमच्या उणिवा सांगायच्या तर १०२४ पिक्सेल आज खरंच कमी पडतात, कॉकपिटच्या काचेतून आपल्याच पंखाकडे पाहिलं की चौकोन दिसतात. गेम आपोआप लावतो त्या राष्ट्रीय खुणा बंद करायला विसरलात तर तुमच्या चक्रावर दुसऱ्याच देशाची खूण बसते. कौतुकाची बाब एवढी की रंग बदलला, फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकली, विमान पुन्हा निवडलं की लगेच दिसतो. नवीन सिम्युलेटरमध्ये एका विमानाला पाच-सहा वेगळी चित्रं करावी लागतात, चमक वेगळी, खडबडीतपणा वेगळा. नोकरी सांभाळून मला ते झेपलं नसतं.

शेवटचं काम काकांच्याच सांगण्यावरून हाती घेतलं. त्यांचं लहानपण सोमलवाड्यात गेलं, सोनेगाव विमानतळाच्या कुशीत. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली चार विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात भेटायची, टपालाच्या पिशव्या अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परत फिरायची. ती डाकोटा विमानं. "अंगणात खाटेवर झोपून आवाज मोजायचो," काका म्हणाले. रंग कोणता होता विचारलं तर म्हणे, "रात्री बारा वाजता रंग कोणाला दिसते बे?"

म्हणून डाकोटा मी बिनरंगी पत्र्याचं ठेवलं. राखाडीच्याच छटा असल्याने २५६ रंग पहिल्यांदाच पुरून उरले. सोनेगाव कोणत्याच नकाशात नाही, तेव्हा बर्माच्या नकाशावर एक सपाट धावपट्टी शोधली, मिशन एडिटरमध्ये वेळ मध्यरात्रीची लावली आणि मागच्या रविवारी काकांना खुर्चीत बसवून लँडिंग दाखवलं. विमान थांबलं. दिवे चालू, इंजिनं फिरतायत, बाकी अंधार. काका बराच वेळ बघत होते.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "बाकीचे तीन कुठं आहेत?"

मुंबईचं आणि दिल्लीचं झालंय, त्यांचे मार्ग एडिटरमध्ये बसवून राहिलो आहे. कलकत्त्याचं दर वेळी चार मिनिटं आधी येऊन पट्टीवर अडून बसतं. मद्रासचं अजून रंगवायचंय.