कल्की 2898 एडी : उसनं सामान, घरचा अश्वत्थामा

आमचा देगलूरला फोटो स्टुडिओ आहे. नवरा-नवरीला स्वित्झर्लंडच्या बर्फात उभं करायचं काम रोजचंच, त्यामुळं सिनेमा बघतानाही माझी नजर आधी कडांवर जाते. केस नीट कापलेत का, पायाखाली सावली आहे का. बॅकग्राउंड कुठून उचललंय, याचं आम्हाला काही वाटत नाही. माणसावरचा उजेड आणि मागचा उजेड एकाच बाजूनं आला की झालं. नाग अश्विनचा ‘कल्की 2898 एडी’ मी याच हिशोबानं बघितला.

उसनवारी लपत नाही. वाळवंटात भंगारातून जोडलेल्या गाड्यांचा पाठलाग, इनामासाठी माणसं पकडून देणारा हिरो, त्याच्याशी हुज्जत घालणारं यंत्र, वर श्रीमंतांची तरंगती वस्ती अन् खाली उकिरडा, पोरं न होणाऱ्या जगात एक गरोदर बाई. माझ्या मागच्या रांगेतली पोरं ‘मॅड मॅक्स’, ‘ड्यून’ अशी इंग्रजी सिनेमांची नावंच घ्यायली होती.

पण काशी बघा. पृथ्वीवरचं शेवटचं शहर, गंगा कोरडी, आणि डोक्यावर उलटा पिरॅमिड लटकलेला, त्याचं नाव कॉम्प्लेक्स. खालचं सगळं वर ओढलं जातंय. वर जायचं तर दहा लाख युनिट मोजा. तिथं झाडं, पाणी, सगळं हिरवंगार. ही कल्पना हजारदा वापरलेली असेल, पण 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ती परदेशी वाटत नाही. काशीतल्या गल्ल्यांचा धुळकट पिवळा रंगही मला पटला. मे महिन्यात दुपारी आउटडोअर शूट केलं की आमच्या फोटोंवर असाच रंग चढतो, घालवायचा म्हटला तरी जात नाही.

खरा सिनेमा अश्वत्थाम्याचा. आपल्याकडं जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा लहानपणीच आजीकडून कळतो. इथं तो अंगभर चिंध्या गुंडाळून देवळात बसलाय, आणि उठून उभा राहतो तेव्हा समोरचं माणूस पोरासारखं दिसायला लागतं. अमिताभ बच्चन 1942 चे, म्हणजे सिनेमा आला तेव्हा 81 वर्षांचे. उंची कॉम्प्युटरनं वाढवली असेल, पण आवाज आणि थकलेले डोळे त्यांचेच. प्रभासबरोबरच्या मारामारीत वजन जाणवतं; माणूस भिंतीवर आदळला की भिंत आदळल्यासारखी दिसते. उलट कुरुक्षेत्रातला तरुण अश्वत्थामा मला खटकला. गालावर एक सुरकुती नाही, एक छिद्र नाही. नवरीच्या मावशीनं “जरा गोरं करा” म्हटल्यावर आम्ही करतो तसला चेहरा! त्याच प्रसंगात कृष्णाला मात्र मागून उजेड मारून चेहरा अंधारात ठेवलाय. हे फार शहाणपणाचं. कृष्ण कसा दिसतो ते ज्यानं त्यानं आपलं ठरवावं.

2898 चा हिशोबही दिग्दर्शकानं सांगितलाय: महाभारताचा काळ इसवी सनापूर्वी 3102 धरला आणि तिथून 6000 वर्षं मोजली की 2898 येतं. म्हणजे आकडा उगीच टाकलेला नाही.

पहिला अर्धा भाग मात्र अंगावर येतो. प्रभासचा भैरव, त्याचं थकलेलं भाडं, घरमालक झालेला तेलुगू विनोदी नट ब्रह्मानंदम, पाहुणे कलाकारांची रांग... ब्रह्मानंदम दिसला की तेलंगणातल्या निजामाबादच्या थिएटरात नुसता दंगा. हिंदीत तोच विनोद कोरडा जातो. बुज्जी ही गाडी खरोखर बनवून रस्त्यावर फिरवली होती, मागं गोळ्यासारखं एकच चाक, आणि तिला कीर्ती सुरेशचा आवाज. गाडी छान, पण पाठलाग सगळे ओळखीचे. इथं सावली पडलेली नाही. कॉम्प्लेक्सचा मालक, कमल हासनचा यास्किन दिसतो भयंकर, पण त्याच्या वाट्याला मोजकेच प्रसंग. गरोदर बाई झालेल्या दीपिकाला धावायचं, सोसायचं आणि आगीतून चालायचं एवढंच. आगीचा तो प्रसंग तेवढा जमलाय.

पडदा निवडताना सांभाळा. मी पहिल्यांदा निजामाबादला तेलुगूतून बघितला. देगलूरच्या माणसाला तेलुगू कानावर असतंच. नंतर घरच्यांसाठी आमच्या बाजूला एका थिएटरात हिंदी थ्रीडी. प्रोजेक्टरचा उजेड इतका मेलेला, त्यात वरून काळा चष्मा, की कॉम्प्लेक्सच्या आतलं काही दिसेना. चष्म्याचे पैसे वेगळे घेतले ते वेगळंच. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, “पिक्चरच अंधाराचा हाय सर.” आता नेटफ्लिक्सवर हिंदी आणि प्राइमवर तेलुगू आहे, चांगला टीव्ही असेल तर खुशाल घरी बघा, फक्त मोबाइलवर नको. तीन तासांचा आहे, पोरांना आधी जेवू घाला.

आणि गोष्ट अर्ध्यावर थांबते, हेही माहीत असू द्या. दुसऱ्या भागात दीपिका नसल्याचं निर्मात्यांनी सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केलंय. जिच्या पोटात कल्की, तीच नाही! नवी नटी आणतात की गोष्टच वळवतात ते बघू. तिकीट मी काढणार, निजामाबादचंच.