तीन अश्वशक्तीचा सौरपंप : वर्षभराच्या वापरानंतर

राज्य शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून आमच्या विहिरीवर तीन अश्वशक्तीचा पंप बसला, त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. सिन्नरच्या पूर्व भागातील, म्हणजे पाऊस हात राखून पडणाऱ्या पट्ट्यातील ही सव्वादोन एकर जमीन असून त्यात गहू आणि उन्हाळ कांदा होतो. पंप पाणी कसे ओढतो ते पुढे सांगतोच, परंतु अर्ज करू पाहणाऱ्याने आधी या पंपाच्या पैशांची जुळणी समजून घ्यावी, कारण योजनेचा मोठा गुण आणि मोठी उणीव दोन्ही तिथेच सापडतात.

केंद्राने 2019 मध्ये पीएम-कुसुम योजना आणली तेव्हा अशा पंपांसाठी ठरलेला हिशेब असा होता की, पंपाच्या सरकारने ठरवलेल्या आधारभूत किमतीच्या 30 टक्के केंद्राने आणि किमान 30 टक्के राज्याने द्यावेत, आणि उरलेल्या 40 टक्क्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत रक्कम शेतकऱ्याने बँकेच्या कर्जातून उभी करावी. ज्याचे पीककर्ज थकलेले आहे त्याला बँक पंपासाठी पुन्हा दारात उभे करील, असे गावात कोणाला सांगितले असते तर लोक हसले असते. महाराष्ट्राने कर्जाची ही पायरीच काढून टाकली. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरायचे, बाकीचे अनुदान. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. आमच्या वाट्याला साधारण 23 हजार रुपये आले.

ही रक्कम पंपाच्या किमतीपुढे किरकोळ असली, तरी ती एकरकमी आणि कांद्याचे पैसे हातात येण्याआधी भरावी लागते. आमच्या घरी 15 हजार रुपये आईच्या बचत गटातून उचलले आणि उरलेले गव्हाच्या पट्टीतून घातले. ज्यांच्या घरात बचत गट नाही त्यांनी सोने गहाण ठेवल्याची दोन उदाहरणे आमच्याच वस्तीवर आहेत. हा हिस्सा दोन हंगामांत हप्त्याने भरण्याची सोय असती, तर मला या योजनेला नाव ठेवायला फारसे उरले नसते.

पैसे वसूल मात्र लवकर होतात. पूर्वीचे डिझेल इंजिन तासाला लिटरभर डिझेल पीत असे आणि गव्हाच्या एका पाण्याला आठ-नऊ तास लागत, म्हणजे एका पाण्यामागे सातआठशे रुपये. कांद्याची पाणी तर दुपटीहून अधिक. आता बिलही नाही आणि डिझेलचा कॅनही नाही. पण पैशांपेक्षा मोठा फरक वेळेचा आहे. शेजारच्या वीजजोडणीवाल्यांना पुरवठा रात्रीचा आला की बॅटरी घेऊन दारे धरायला जावे लागते, आणि आमच्या भागात उसाच्या कडेने बिबट्या दिसणे ही बातमी राहिलेली नाही. आमचे पाणी सकाळी नऊच्या सुमारास धरू लागते, अकरा ते तीन या वेळात पाइप भरून वाहतो आणि चारनंतर धार बारीक होते. ढगाळ दिवशी वाफा भरता भरता पाणी मध्येच तुटते, त्यामुळे कोणता वाफा आधी घ्यायचा याचे गणित आता आकाश पाहून करावे लागते. पॅनेल आठवड्यातून एकदा पहाटे ओल्या फडक्याने पुसावीत. धूळ साचली की धार कमी झालेली डोळ्यांना दिसते.

पुरवठादाराच्या सेवेबद्दल मात्र माझे मत तितकेसे चांगले नाही. योजनेच्या यादीतील पुरवठादार कंपनी अर्जदारानेच निवडायची असते, आणि आम्ही ती नाव ऐकून निवडली, ही आमची चूक. पायाच्या खड्ड्यांसाठी खडी-वाळू तुम्हीच आणा, असे बसवायला आलेल्या माणसांनी सांगितले आणि आम्ही ती मुकाट्याने आणली. पुढे मार्चमध्ये, कांदा ऐन पोसत असताना, पॅनेलची वीज पंपाला देणाऱ्या पेटीच्या, म्हणजे कंट्रोलरच्या पडद्यावर एक आकडा लुकलुकू लागला आणि पंप बंद पडला. पाच वर्षे दुरुस्तीची हमी आहे, विमाही आहे, पण तक्रार नोंदवल्यापासून माणूस येईपर्यंत 19 दिवस गेले. त्या 19 दिवसांत जुने इंजिन पुन्हा बाहेर काढावे लागले. हमी पाच वर्षांची असली तरी पीक तेवढे थांबत नाही. म्हणून कंपनी निवडताना तालुक्याच्या गावी तिचा दुरुस्ती करणारा माणूस राहतो का, एवढे आधी विचारून घ्यावे. पॅनेल कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न नंतरचा.

पावसाळ्यात हे तीन हजार वॅट जवळजवळ पडून राहतात, याचेही वाईट वाटते. त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्की चालवता येईल असा कंट्रोलर बनतो, परंतु आमच्या पंपाबरोबर तो आलेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, उपशाला पैसे पडत नाहीत म्हणून हात आखडत नाही. गेल्या एप्रिलमध्ये आमच्या विहिरीने नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी तळ दाखवला. आता आम्ही कांद्यापुरते ठिबक केले आहे.

अर्जासाठी सातबारा आणि त्यावर पाण्याच्या स्रोताची नोंद लागते, आणि उतारा सामाईक असेल तर इतर हिस्सेदारांचे संमतीपत्रही. चुलत्यांची संमती मिळवायला आमचे दोन महिने गेले. आमच्या बांधाला लागून वाट्याने शेती करणारा एक जण आहे. कसतो तोच, पण सातबारा नाशिकला राहणाऱ्या मालकाच्या नावावर, त्यामुळे त्याला अर्जच करता येत नाही, आणि मालकाला या भानगडीत पडायचे नाही. आमचे डिझेल इंजिन आता त्याच्याकडे आहे.