एसएसआर-४० डीडी: बाल्कनीतल्या पंपावर आठ महिने वापरून

हा रिव्ह्यू खरं तर दोन एसएसआरचा आहे (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणारा, हलते भाग नसलेला स्विच), कारण पहिली चुकीची आणली आणि तिच्यापायी खालच्या मजल्यावरच्या काकूंशी दोन आठवडे बोलणं बंद होतं.

आम्ही घणसोलीत पाचव्या मजल्यावर. बाल्कनीत वीसेक कुंड्या, तुळस, मोगरा, कढीपत्ता, आणि आईने हौसेने लावलेलं एक लिंबू ज्याला अजून लिंबू आलेलं नाही. गावी गेलो की सगळं सुकतं म्हणून मी एक १२ व्होल्टचा पंप बसवला, पाठीवरच्या बॅटरीवाल्या फवारणी पंपात असतो ना तोच डायफ्रामचा, चालताना साधारण साडेतीन अँपिअर घेतो. जुन्या यूपीएसची बॅटरी, ठरलेल्या वेळी सिग्नल देणारा छोटा ईएसपी३२ बोर्ड, आणि मधे त्या सिग्नलवर पंप चालू-बंद करणारा, सगळ्यांकडे असतो तो निळा रिले. दीड वर्ष मस्त चाललं. मग एक दिवस रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले, मोटर सुरू होताना करंटचा जो दणका बसतो त्याने हळूहळू जळून चिकटतात ते. शिवाय पहाटे साडेपाचला बेडरूमच्या भिंतीपलीकडे टक् आवाज, त्यावरून घरात रोज टोमणे. म्हटलं आता सॉलिड स्टेट रिले घेऊया, आवाज नाही, कॉन्टॅक्ट नाहीत, झंझट संपली.

ठाणे स्टेशनच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदाराला म्हटलं, दादा एसएसआर द्या, १२ व्होल्टची मोटर आहे. त्याने शोकेसमधून काढून दिला, २५ डीए, म्हणाला "सगळ्यावर चालतो हा, बिनधास्त घेऊन जा". मी पण इनपुट ३ ते ३२ व्होल्ट डीसी एवढंच वाचलं आणि खूश झालो. आउटपुटच्या बाजूला २४ ते ३८० व्होल्ट एसी असं ढळढळीत छापलेलं होतं, ते डोळ्यासमोर असून दिसलं नाही.

घरी आणून लावला, ऑन केला, पंप सुरू. वा! ऑफ केला, पंप सुरूच. एसएसआरवरचा छोटा लाल दिवा विझलेला, इनपुटची वायर उपटून हातात घेतली तरी पंप आपला चालूच. मला वाटलं कोडमध्ये घोळ आहे म्हणून मी लॅपटॉप काढून बसलो, शहाणपणा बघा, आणि तेवढ्या वेळात कुंड्या भरून, ताटल्या भरून, पाणी बाल्कनीच्या कडेवरून खाली. बेल वाजली. "अहो, माझ्या धुतलेल्या चादरींवर मातीचं पाणी येतंय, वर काय नदी सोडलीय का?"

कारण एकदा कळलं की अगदी सोपं आहे. डीए मधल्या डी आणि ए चा अर्थ इनपुट डीसी, आउटपुट एसी. याच्या आत ट्रायॅक नाहीतर एससीआर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, आणि हा पठ्ठ्या एकदा सुरू झाला की सिग्नल काढून घेतल्यावर लगेच बंद होत नाही, त्याच्यातून वाहणारा करंट शून्याच्या जवळ यायची वाट बघतो. आपल्या घरच्या ५० हर्ट्झ एसीमध्ये करंट सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो म्हणून तिथे हे लक्षातही येत नाही. बॅटरीचा डीसी कधी शून्यावर येणार? बॅटरी संपल्यावर. वर त्या डीएमध्ये एक-सव्वा व्होल्ट असाच खाल्ला जातो, १२ मधले ११ पंपाला मिळाले तर तो रडतच चालणार. माझा तो डीए वाईट नाहीये, गीझर किंवा ओव्हनसारख्या एसी हीटरसाठी तो झकास आहे, फक्त माझ्या कामाचा नाही. परत करायला गेलो तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, इलेक्ट्रॉनिक माल बदलून मिळणार नाही. २८० रुपये ड्रॉवरमध्ये पडलेत.

मग ऑनलाइन ४० डीडी मागवला, म्हणजे इनपुट आणि आउटपुट दोन्ही डीसी, ४५० ला. आउटपुट ५ ते ६० व्होल्ट डीसी. याच्या आत ट्रायॅकऐवजी मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर असतो, सिग्नल गेला की खरंच बंद होतो. पण इथे प्लस मायनस बघून जोडावं लागतं. मी घाईत उलटं जोडलं आणि पंप लगेच सुरू, इनपुटला तर अजून काही लावलंच नव्हतं! माझ्या पोटात गोळा, परत डीए पाठवला की काय. तसं नव्हतं, मॉस्फेटच्या आत अंगचाच एक डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) असतो, उलट जोडलं की करंट त्यातून सरळ निघून जातो, मग स्विच ऑन असो की ऑफ. वायरी अदलाबदल केल्यावर शहाण्यासारखा वागायला लागला.

तीन आठवडे. मग मेला, आणि मेला तो ऑन राहून मेला. एसएसआरची ही खोड सगळ्यात वाईट, जळला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे लोड कायमचा चालू. या वेळी मी घरी होतो म्हणून चादरी वाचल्या. उघडून बघितला, मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटला एक मॉस्फेट चिकटवलेला आणि नखाएवढा बोर्ड, बस. चूक माझीच होती. मोटर म्हणजे वायरची गुंडाळी, तिचा करंट एकदम तोडला की ती उलटा झटका मारते आणि तो झटका १२ व्होल्टच्या मोटरचा असला तरी ६० व्होल्टच्या वर सहज जातो. रोज दोन वेळा पाणी, रोज दोन झटके, किती दिवस सोसणार तो. दुसरा डीडी आणला आणि पंपाच्या दोन टोकांवर १एन५४०८ डायोड लावला, पट्टीची बाजू प्लसकडे, म्हणजे उलटा झटका त्यातूनच फिरून जिरतो. पाच रुपयांचा डायोड हो. तेव्हापासून आठ महिने झाले, एकदाही अडकला नाही. सोलेनॉइड व्हॉल्व्ह, डीसी फॅन, दाराचं मॅग्नेट लॉक, काहीही गुंडाळीवालं असेल तर डायोड आधी विकत घ्या आणि एसएसआर नंतर.

आता नावातल्या ४० चं, म्हणजे ४० अँपिअरचं. पंप चालू असताना आउटपुटच्या दोन स्क्रूंवर मल्टिमीटर लावला, ०.१२ व्होल्ट. साडेतीन अँपिअरला अर्धा वॉटसुद्धा उष्णता नाही, हाताला जेमतेम कोमट. पण हाच हिशोब ४० अँपिअरला करा, करंटच्या वर्गाने वाढतो तो, पन्नासेक वॉट होतात, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी गरमी काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या डब्यात. तो आकडा मोठा हीटसिंक, थर्मल पेस्ट आणि थंड हवा धरून असतो, घणसोलीच्या मे महिन्यात बंद प्लास्टिकच्या डब्यात नाही. मी उघड्या प्लेटवर ५-६ अँपिअरच्या वर जाणार नाही. तसंही त्या स्क्रूखाली ४० अँपिअरची जाड वायर धड बसत नाही.

गणपतीत त्याच डीडीवर मखराची एलईडी पट्टी लावली होती, ५ मीटर, मीटरला ६० दिव्यांची, १२ व्होल्टवर ७२ वॉट म्हणजे ६ अँपिअर. ऑन ऑफला मस्त. मग भाच्याने हट्ट केला की मामा हळूहळू मंद करून दाखव, म्हणून पीडब्ल्यूएम दिला, म्हणजे खूप वेगाने ऑन-ऑफ करून उजेड कमी करायचा, ५ किलोहर्ट्झचा. पट्टी धड मंद होईना, आणि पाच मिनिटांत एसएसआरला हात लावला तर चटका बसला. आतला ऑप्टोकपलर, म्हणजे सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोचवणारा भाग, संथ असतो, एवढ्या वेगाने मॉस्फेट ना धड उघडतो ना धड मिटतो, अर्धवट राहून तापतो. आरतीच्या आधी घाईघाईत काढला आणि आयआरएलझेड४४एन लावला, चाळीस रुपयांचा साधा मॉस्फेट, गेटला (सिग्नल घेणाऱ्या पायाला) रेझिस्टर, झालं काम. मंद पण झाली, भाचा पण गप्प. ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर तो पूर्ण उघडत नाही म्हणून मधे ट्रान्झिस्टर टाकून गेटला जास्त व्होल्टेज दिलं होतं, हे मात्र विसरू नका.

मग लोक विचारतात की चाळीस रुपयांत होतंय तर ४५० का घालवायचे. खरं सांगू, घरातल्या १२ व्होल्टच्या बहुतेक कामांना नका घालवू. माझ्याकडे पंपाची बाजू ओली, वायर सहा मीटर लांब, आणि बोर्ड वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर, तिकडचा झटका इकडे यायला नको होता. एसएसआरमध्ये दोन बाजूंच्या मधे फक्त प्रकाश जातो, वायरीचा संबंध नाही, म्हणून तो प्लसच्या वायरीत टाका नाहीतर मायनसच्या, त्याला फरक पडत नाही. साधे मॉस्फेट मॉड्यूल बहुतेक मायनस तोडतात, जिथे मायनस कॉमन आहे तिथे ती डोकेदुखी. आणि सोल्डरिंग नको, चार स्क्रू आवळले की झालं. या सोयीचे पैसे आहेत. ३.३ व्होल्टवर हा चालतो खरा, पण ३ च्या किमान आकड्याला इतका चिकटून की मी इथेही एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर टाकून ५ व्होल्टच दिले.

स्टार द्यायचे तर डीडीला साडेतीन. अर्धा मी कापला त्या ४० च्या आकड्यासाठी आणि एक शॉर्ट होऊन मरायच्या सवयीसाठी. फ्यूज लावलाय, पण तो वायर जळू नये म्हणून. एसएसआर अडकला तर पंपाचा करंट नेहमीचाच असतो, फ्यूजला काय कळणार. म्हणून आता पंप नळाच्या टाकीला न जोडता २० लिटरच्या बादलीत सोडलाय, अडकला तर बादलीच संपते, आणि डायफ्रामचा पंप थोडा वेळ कोरडा चालला तरी मरत नाही. काकूंना बादली दाखवून आलो. त्यांनी त्यांच्या दोन कुंड्यांसाठी पण एक पाइप खाली सोडायला सांगितलाय, तो या रविवारी.