व्हायकिंग्ज 2025: डार्नोल्ड की मॅकार्थी?

2024 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्जनी 14 सामने जिंकले, हरले फक्त 3. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) सॅम डार्नोल्डने फेकींतून 4,319 यार्ड आणि 35 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण) कमावले. मग 2025 च्या हंगामासाठी क्वार्टरबॅक कोण, असा प्रश्न का पडला होता? शेवटच्या दोन सामन्यांमुळे. आधी लायन्स संघाकडून 31-9 अशी हार, लगेच प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॅम्सकडून 27-9. रॅम्सनी तर त्याला नऊ वेळा चेंडूसकट आडवा केला. त्यात दोष त्याच्या आडोशाला उभ्या फळीचा, पण त्याचाही होताच. चेंडू सोडायचा सोडून हा धरून बसत होता.

संघातला दुसरा, तरुण क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी म्हणजे तेव्हा झाकली मूठ. 2024 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दहावा, ऑगस्टच्या सराव सामन्यात दोन टचडाउन, आणि लगेच गुडघ्याची शस्त्रक्रिया. अख्खा हंगाम पाण्यात.

खरा फरक पैशाचा होता. डार्नोल्डला फ्रँचायझी टॅग (करार संपत आलेल्या खेळाडूला एक वर्ष रोखून धरायचा संघाचा हक्क) लावून ठेवायचं तर 2025 च्या एका वर्षाचे 4 कोटी डॉलर लागले असते. मॅकार्थी चार वर्षांना मिळून 2.2 कोटींच्या आसपास! पगारावर कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये उरलेल्या पैशांत ती फळी नव्याने उभी राहते. जस्टिन जेफरसनसारखा झेलणारा दोघांनाही आयताच होता. माझं मत मॅकार्थीला होतं. विजय मात्र नऊ-दहाच धरले होते.