अमेरिकेचा लेट नाइट शो कोल्हापुरात सकाळी: यूट्यूबवर काय बघावं, काय सोडावं

जिमी फॅलन आणि जिमी किमेल या अमेरिकन विनोदवीरांचे लेट नाइट शो, म्हणजे रात्री उशिराचे विनोद आणि गप्पांचे कार्यक्रम, न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे रात्री 11.35 ला लागतात. आपल्याकडे तेव्हा सकाळचे 9.05 वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं एक तास मागे असतात, तेव्हा 10.05. क्लिपा थोड्या मागेपुढे, दुपारपर्यंत चॅनलवर येतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रात्रीची तिसरी पाळी करून आलेल्यांना झोपण्याआधी बघायला ही वेळ नेमकी जुळते.

पूर्ण एपिसोड मिळवण्याच्या नादाला लागू नका. ते दाखवणारी पीकॉक आणि हुलू ही तिकडची स्ट्रीमिंग ॲप भारतात नाहीत. यूट्यूबवर शो तुकड्यांत येतो: मोनोलॉग (सुरुवातीला सूत्रधार एकटाच बातम्यांवर विनोद करतो तो भाग), टेबलामागे बसून केलेला एखादा भाग, पाहुण्यांच्या मुलाखती. यातला मोनोलॉग तेवढा अख्खा बघा. तमाशातल्या बतावणीत चालू घडामोडींवर टोले हाणले जातात, तसंच हे काम. एकच बातमी धरून चार-पाच विनोद एकावर एक चढवत नेतात आणि पाचवा विनोद पहिल्यावर उभा असतो. शॉर्ट्समध्ये नेमका तो पाचवाच कापून येतो. बातमी माहीत नसलेल्या माणसाला मग प्रेक्षक का हसले ते कळत नाही, आणि शो भिकार आहे असं वाटतं. दोष कापणाऱ्याचा असतो.

सबटायटलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. माणसाने तयार केलेल्या सबटायटलमध्ये अख्खी ओळ एकदम पडद्यावर येते, त्यामुळे पंच, म्हणजे विनोदाचा शेवटचा टोला, बोलण्याआधीच वाचून होतो. आपोआप तयार होणारं सबटायटल शब्दागणिक सरकतं. त्यात नावं चुकतात, पण पंच शाबूत राहतो. दोन्ही पर्याय असतील तर सेटिंगमधून हे दुसरं निवडा. मराठीत आपोआप भाषांतराची सोय मोनोलॉगसाठी वापरू नका, श्लेष सगळे मरतात. इंग्रजीचा वेग झेपत नसेल तर 0.75 वर बघता येतं, मात्र टायमिंग ढिलं पडतं. त्यापेक्षा मूळ वेगात दोनदा ऐकलेलं बरं. इचलकरंजीच्या एसटीत बघायचं असेल तर घरच्या वायफायवर आधी डाउनलोड करून ठेवा. 480 च्या चित्रदर्जावर दहा मिनिटांना साधारण 75 ते 100 एमबी लागतात.

कुणाचं बघावं? राजकारणाची गुंतागुंत समजून घ्यायची असेल तर सेथ मायर्सच्या शोमधला 'अ क्लोजर लुक' हा भाग, त्याला तोड नाही. जॉन स्टुअर्ट 2024 पासून 'द डेली शो' हा बातम्यांची खिल्ली उडवणारा कार्यक्रम फक्त सोमवारी करतात, तो आपल्याला मंगळवारी मिळतो. फॅलनचे खेळ आणि गाणी बातमी माहीत नसली तरी चालतात, घरात सगळ्यांसोबत लावायला हेच बरे.

या शोंचं अर्थकारण मात्र डगमगलंय आणि ते पडद्यावर दिसतं. क्लिपा लाखो लोक बघतात, पण टीव्हीच्या जाहिरातीइतके पैसे त्यातून येत नाहीत. 2024 मध्ये मायर्सच्या शोमधला वाद्यवृंद गेला, फॅलनचा शुक्रवारचा नवा भाग बंद झाला. स्टीफन कोल्बेर यांचा 'द लेट शो' 2026 च्या मे महिन्यात थांबवायचा निर्णय सीबीएस वाहिनीने 2025 च्या जुलैत जाहीर केला आणि कारण आर्थिक सांगितलं. पैसा कमी झाला की आधी मोठे, खर्चिक प्रहसनाचे भाग जातात आणि टेबलामागून बोलणं वाढतं. मुलाखती तर आता बहुतेक सिनेमाच्या प्रचाराच्याच, त्या खुशाल सोडा.

आपल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'शी तुलना होते म्हणून सांगतो: स्किट स्वतःपुरतं पूर्ण असतं. त्यातली माणसं, त्यांचे हेके, शेवटचा उलटा फेरा हे सगळं आतच असल्याने चार वर्षांपूर्वीचं स्किटही आज यूट्यूबवर तितकंच हसवतं. मोनोलॉग आठवड्यात शिळा होतो. त्यामुळे तो साठवून ठेवून रविवारी सगळे एकदम बघण्यात अर्थ नाही, त्याच दिवशी बघा. सोमवारी, म्हणजे कोल्हापूरच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी रोजचे नवे मोनोलॉग नसतात कारण तिकडे रविवारची रात्र असते. तो वेळ आठवडाभरात राहिलेल्या 'क्लोजर लुक'ला द्या.