वजनवाल्यांसाठीचं चेकअप पॅकेज : रिपोर्ट सगळा हिरवा, दवाखाना चालूच

आधी चांगलं सांगते, माणूस घरी येऊन रक्त घेतो, वेळेवर येतो, रिपोर्ट त्याच दिवशी मोबाईलवर. माझा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३४, म्हणजे लठ्ठपणात, आणि तरी फास्टिंग शुगर ९२, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ५.४, ट्रायग्लिसराईड्स (रक्तातली चरबी) ११८, ओळीनं हिरवंच हिरवं. मग डाएटिशियनचा कॉल आला, म्हणे अभिनंदन, तुम्ही एकदम हेल्दी!

हो का? मग दर महिन्याला मेडिकलवाल्याला मी काय देणगी देते का. शुगर नाही बीपी नाही तरी गुडघ्याचा एक्सरे झाला, फिजिओ चालू आहे, ॲसिडिटीच्या गोळ्या आहेत, आता घोरण्यावरून स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) सांगितलीये आणि त्यात ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकणं, निघाला तर मास्कमधून दाबानं हवा देणारं सीपॅप मशीन, त्याचा मास्कपण मधून मधून बदलायचा. हे सगळं वजनाचंच बिल आहे पण रक्तात दिसत नाही त्यामुळे पॅकेजमध्येही नाही. गुडघ्याला कोलेस्टेरॉलशी काय घेणंदेणं, वजन एक किलो उतरलं की पावलागणिक त्याच्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, हे सांगणारं कोणीतरी हवं होतं त्या कॉलवर. स्टॉप-बँग म्हणून आठ हो-नाही प्रश्न असतात ॲप्नियाची शंका घ्यायला, त्याला ना सुई लागते ना लॅब, ते नाही विचारले, शुगर मात्र तीन तऱ्हेनं मोजली.

२०२५ च्या जानेवारीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननं तर नुसत्या बीएमआयवर निदान करू नका म्हटलंय आणि क्लिनिकल ओबेसिटीच्या (लठ्ठपणामुळे शरीराच्या कामात बिघाड झालेला असणं) निकषांत ॲप्निया, गुडघेदुखी पण धरलीये. पॅकेजवाल्यांपर्यंत पोचलेलं दिसत नाही.

बीपीचं ऐका. त्या माणसाकडचा नेहमीचा कफ (बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा) दंडाला पुरेना, वेलक्रो सारखं सुटत होतं, तरी ओढूनताणून बसवला आणि १४६/९४. लहान कफनं आकडा चढा येतो हे मला माहीत होतं म्हणून डॉक्टरांकडे मोठ्या कफनं परत मोजलं, १२४/८०. नाहीतर नसलेल्या बीपीची गोळी मागे लागली असती.

घ्यावं का? रक्ताच्या टेस्ट वर्षातून एकदा कराच, कारण आज नॉर्मल असलेल्या बऱ्याच जणांचे आकडे पुढे सरकतात. पण गुडघा आणि झोप यांच्यासाठी वेगळा डॉक्टर गाठा. तीन स्टार, त्यातला एक नुसता वेळेवर येण्याचा.